घर विकलं, हे काकांना सांगताना

बाबा गेल्यावर कोल्हापूरचं घर माझ्या आणि धाकट्या भावाच्या नावावर झालं. त्या घरात राहणाऱ्या काकांच्या नावावर काहीच नव्हतं. प्लॉट बाबांनी घेतला होता, कर्ज बाबांनी फेडलं होतं. पण विटा काकांनीही वाहिल्या होत्या, आणि स्लॅब टाकल्यावर रोज पहाटे उठून त्यावर पाणी मारायचं काम त्यांनी दुसऱ्या कुणाला करू दिलं नव्हतं, हे आई होती तोवर आम्हाला नेहमी सांगायची.

काका बाबांचे धाकटे भाऊ. जन्मापासून बहिरे, त्यामुळे मुके. गारगोटीजवळच्या आमच्या गावात त्यांना शाळेत घालायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. बाबा उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत लागले तेव्हा त्यांनी काकांनाही बोलावून घेतलं. ओतलेल्या लोखंडी भागांच्या कडा मशीनवर घासायचं काम काकांना मिळालं. त्या खात्यात कुणी फार वर्षं टिकत नसे, आवाजानं कान जायचे. काका निवृत्त होईपर्यंत टिकले. लग्न केलं नाही, किंवा कुणी लावून दिलं नाही. बाबांच्या घरात, बाबांच्या शेजारच्या कॉटवर त्यांचं आयुष्य गेलं.

त्यांच्या खुणा त्यांनी स्वतः तयार केलेल्या होत्या. बाबा म्हणजे मिशीला पीळ. आई म्हणजे भाकरी थापणारे हात. मी म्हणजे खांद्यावरून खाली सोडलेल्या दोन वेण्या. आता माझे केस आखूड आणि पांढरे झालेत, तरी मी दोन वेण्याच. भाऊ लहानपणी आपटून दात पाडून घेतलेला, म्हणून पुढच्या दातावर बोट. माझी मुलगी म्हणजे डोळ्यांभोवती धरलेले दोन गोल, तिचा चष्मा. घर म्हणजे दोन्ही हातांचं छप्पर. या खुणांवर आमचं जेवा, झोपा, कुठं गेलता, कधी येणार एवढं भागायचं. बाबांचं तसं नव्हतं. संध्याकाळी दोघं पायरीवर बसले की तासन्‌तास हात चालायचे. फौंड्रीतला मुकादम, गावाकडची भावकी, कुस्तीतला डाव, कशाकशावर बोलायचे कोण जाणे. मध्येच बाबा मोठ्यानं हसायचे आणि काका खांदे हलवत हसायचे. आम्ही विचारलं तर बाबा म्हणायचे, "तुमच्या कामाचं न्हाय ते."

बाबा गेले हे काकांना सांगावं लागलं नाही. ते जवळच होते. त्यांनी पाहिलं, खांदा दिला, परत आल्यावर बाबांच्या कॉटवरची गादी गुंडाळून ठेवली. मरण डोळ्यांना दिसतं. घर विकणं दिसत नाही, ही अडचण पुढे येणार आहे हे तेव्हा माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

काही महिने ते एकटेच राहिले. शेजारच्या मावशी भाजी द्यायच्या, भात ते स्वतः लावायचे. मी पुण्याहून महिन्यातून एकदा जायची. भाऊ बंगळुरूला, तो सणावाराला यायचा. मग एका दुपारी त्यांनी गॅसवर दूध ठेवलं आणि त्यांना झोप लागली. धूर खिडकीतून बाहेर आला. मावशींनी दार बडवलं, आणि बडवतानाच त्यांच्या लक्षात आलं की आत ऐकणारं कुणी नाही. शेवटी त्यांचा मुलगा गच्चीवरून उतरला. काही झालं नाही, पातेलं जळलं एवढंच. संध्याकाळी मावशींचा फोन आला. म्हणाल्या, "बाई, माझी तक्रार न्हाय. पण आता मला झोप लागंना झालीय."

त्यानंतर मी आणि भाऊ फोनवर बोलत राहिलो. कोल्हापुरात परत जाऊन राहणं दोघांनाही शक्य नव्हतं. त्याच्याकडे सासू-सासरे असतात, घर लहान. मी कॉलेजच्या ऑफिसात नोकरीला, नवऱ्याची तब्येत बरी नसते, पण एक खोली होती. काका माझ्याकडे येतील असं ठरलं. मग बंद घराला वाळवी लागू देण्यापेक्षा ते विकावं, हेही ओघानंच ठरलं. यात कुणी कुणावर रागावलं नाही. काकांना विचारू या असं मात्र आमच्यापैकी कुणीच म्हणालं नाही. विचारायचं कसं, हे दोघांनाही माहीत नव्हतं.

मी रजा काढून गेले. मुलीचं काम घरून चालायचं, ती लॅपटॉप घेऊन बरोबर आली. एजंट म्हणाला होता, आधी रंग मारून घ्या, ओल दिसली की गिऱ्हाईक भाव पाडतंय. म्हणून गच्चीवर गिलावा करून घेतला, नळ बदलले, आणि रंगारी बोलावला.

रंगाचे डबे दारात उतरले आणि काकांच्या अंगात वारं शिरल्यासारखं झालं. त्यांनी भिंतींवरचे खिळे काढले, भोकं स्वतः लांबी, म्हणजे पुट्टी, भरून बुजवली, रंगाऱ्याची शिडी धरून उभे राहिले. रंगारी पहिल्या दिवशी वैतागला, दुसऱ्या दिवशी त्यानं त्यांच्या हातात ब्रश दिला. रोज संध्याकाळी काका मला हाताला धरून खोल्या दाखवायचे. बाबा गेल्यापासून त्यांचा चेहरा असा मी पाहिला नव्हता. मला बरं वाटलं. मी मुलीला म्हणालेसुद्धा की त्यांना कामच हवं होतं.

त्या घराला आतून-बाहेरून पूर्ण रंग दोनदाच लागला होता. एकदा माझ्या लग्नाला, एकदा भावाच्या. हे मला माहीत होतं, पण तेव्हा सुचलं नाही.

मग लोक घर बघायला येऊ लागले. एजंटनं मला बाजूला घेऊन सांगितलं, म्हाताऱ्यांना तेवढं बाहेर पाठवा, माणसं बिचकतात, हे घर सोडतील का न्हाईत म्हणून शंका घेतात. मी म्हणाले, ते माझ्याबरोबर पुण्याला येणार आहेत, सोडणारच आहेत.

"तुम्हास्नी ठावं हाय," तो म्हणाला, "त्यास्नी ठावं हाय का?"

तो वाईट माणूस नव्हता. त्याला एवढीच माहिती हवी होती.

त्यानंतर कुणी येणार असलं की मावशींचा मुलगा काकांना गाडीवर बसवून रंकाळ्यावर फिरवून आणायचा. एकदा ते लवकर परतले. आत एक कुटुंब बसलेलं, आई-वडील आणि त्यांचा तिशीतला मुलगा. एजंट त्यांना पाण्याची टाकी किती लिटरची ते सांगत होता. काका दारात थबकले. सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं. तेवढ्यात माझी मुलगी चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आली. काका लगबगीनं मागच्या खोलीत गेले, इस्त्रीचा सदरा घालून आले, स्वतः तांब्या-पेले आणले, सगळ्यांना पाणी दिलं आणि भिंतीशी हात जोडून उभे राहिले. त्या बाई अवघडल्या. "बसा की पावणं," असं त्या म्हणाल्या, पण काका बसले नाहीत.

ते लोक गेल्यावर काकांनी भुवया उंचावून मला विचारलं, काय म्हणाले? मी हात हलवले, माहीत नाही. ते लोक परत आले नाहीत. चार-आठ दिवसांनी काका मुलीजवळ गेले, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ ठेवून उभे राहिले. ती स्क्रीनकडे बघत होती, तिनं मान वर करून हसून त्यांचा हात धरला. आम्हाला वाटलं, माया आहे.

आणखी दोघं-तिघं आले, गेले. शेवटी मलकापूरकडचे एक शिक्षक आणि त्यांची बायको आले. मुलं कॉलेजला जाण्याच्या वयाची झाली, म्हणून त्यांना कोल्हापुरात घर हवं होतं. दुसऱ्यांदा ते आपल्या आईला घेऊन आले. आईला अंगणातलं शेवग्याचं झाड आवडलं. तिसऱ्यांदा पेढ्याचा बॉक्स घेऊन आले. बाईंनी आधी काकांच्या हातावर पेढा ठेवला, कारण ते घरातले सगळ्यात मोठे.

काकांनी तो पेढा खाल्ला नाही. आतल्या खोलीत जाऊन बुद्धमूर्तीपुढे ठेवला. मंडळी गेल्यावर ते आमच्यासमोर आले. डोळ्यांभोवती दोन गोल धरले. मग दोन्ही हातांनी कुणाच्या तरी गळ्यात हार घातल्यासारखं केलं. पुन्हा चष्मा, पुन्हा हार. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तोंडभर हसू.

मुलगी आधी हसली. म्हणाली, "आई, ते माझं लग्न ठरलं म्हणताहेत." मग तिचं हसू गेलं आणि ती माझ्याकडे बघत राहिली.

सगळं एका क्षणात जुळलं. घराला रंग. इस्त्रीचा सदरा. पाणी घेऊन येणं. जे परत आले नाहीत त्यांनी मुलगी नाकारली, म्हणून तिच्या डोक्यावर ठेवलेला हात. आता पेढे. त्यांच्या बाजूनं एकही गोष्ट चुकत नव्हती. आम्ही जे जे केलं होतं ते सगळं लग्नघरातलंच होतं.

मी मान हलवली. नाही, नाही. ते हसले आणि माझ्या गालावर चापटी मारली. त्यांना वाटलं, मी थट्टा करतेय. मी चष्म्याची खूण केली, हाराची केली आणि हात झटकले. त्यांनी भुवया गोळा केल्या, थोडा विचार केला आणि मुलीकडे बोट करून पदरात तोंड लपवल्याचा अभिनय केला. लाजतेय म्हणून नाही म्हणताय होय, असं. मी छप्पर केलं, मग हातातून काही देऊन टाकल्यासारखं केलं. त्यांनी मान डोलावली. छप्पर, आणि देणं. मुलगीच तर देतो आपण एका घरातून.

मी भावाला फोन केला. तो शनिवारी आला. त्याला वाटत होतं की मी नीट सांगितलं नसेल. तो इंजिनिअर आहे, तो म्हणाला, चित्र काढून दाखवू. जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून जेवणाच्या टेबलावर पसरलं आणि पेन्सिलीनं घर काढलं. अगदी आमचं घर, पायरी, शेवगा, गच्चीवरची टाकी. दारातून बाहेर पडणारी माणसं काढली: दोन वेण्यांची एक, पडलेल्या दाताचा एक, आणि टोपीवाले काका. सगळ्यांच्या हातात बोचकी. दुसऱ्या बाजूनं घराकडे येणारी माणसं काढली: नवरा, बायको, म्हातारी, दोन मुलं. बाण काढले. आम्ही बाहेर, ते आत.

काका पानावर वाकले. नाक कागदाला टेकेल इतके. वेण्यांवर बोट ठेवून माझ्याकडे पाहिलं, दातावर बोट ठेवून भावाकडे, टोपीवर बोट ठेवून स्वतःच्या छातीकडे. सगळं बरोबर ओळखलं. भाऊ माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "कळतंय बघ त्यांना."

मग काकांनी त्याच्या हातातून पेन्सिल घेतली. आमच्या तिघांच्या मधे, सगळ्यांच्या पुढे, त्यांनी एक बाई काढली आणि तिला चष्मा घातला. दारासमोर मांडवाचे चार खांब रोवले. येणाऱ्या माणसांपैकी एका मुलाच्या गळ्यात हार काढला. पेन्सिल खाली ठेवली आणि भावाच्या पाठीवर थाप मारली. तू नवरीलाच विसरला होतास.

भाऊ उठून गच्चीवर गेला. मी गेले तेव्हा तो टाकीला टेकून उभा होता. म्हणाला, "आक्का, हे आपल्याला जमायचं न्हाय."

मी एक शेवटचा प्रयत्न केला. ओळखीतून बहिऱ्या मुलांच्या शाळेतल्या एक शिक्षिका मिळाल्या. निवृत्त झालेल्या, फार शांत बाई. त्या घरी आल्या, काकांसमोर बसल्या आणि त्यांच्या हातांची भाषा सुरू केली. काका मन लावून बघत होते. फार आदरानं, एखादा पाहुणा परक्या भाषेत बोलत असला की आपण ऐकतो तसं. मग त्यांनी आपल्या खुणा केल्या. बाईही तशाच बघत राहिल्या. अर्धा तास दोघांनी फार प्रयत्न केला. शेवटी बाई मला म्हणाल्या, "यांची भाषा तुमच्या घरातली आहे. ती मला कशी येणार? यांच्याशी कोण बोलायचं?"

मी म्हणाले, माझे वडील.

"आणखी कुणी?"

मी म्हणाले, नाही. बाई उठल्या. जाताना काकांनी त्यांच्याही हातावर पेढा ठेवला.

ती भाषा दोन माणसांची होती आणि त्यातलं एक गेलं होतं. मी तिच्यातलं जेवणाखाण्यापुरतं शिकले होते. बाबांना हे काम दोन मिनिटांचं होतं. पायरीवर बसून त्यांनी सांगितलं असतं, काका चिडले असते, रडले असते, भांडले असते, पण त्यांना कळलं असतं. मला त्यांच्या रागाची भीती वाटत नव्हती. ते चिडले असते तर मी सुटले असते.

पुढचं सगळं लग्नासारखंच झालं. कपाट, कॉट, भांडी टेंपोत चढली, काही गावाकडे चुलत भावाला, काही माझ्याकडे. काकांनी प्रत्येक वस्तू पुसून दिली. त्यांच्या लेखी मुलीचा संसार चालला होता. आईची पितळी परात त्यांनी टेंपोतून परत उतरवून घेतली, चिंचेनं घासली आणि वर्तमानपत्रात गुंडाळून मुलीच्या हातात दिली. परात घेऊन ती न्हाणीघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. नंतर मला म्हणाली, "मी त्यांना फसवतेय असं वाटतं गं." मी म्हटलं, आपण काहीच बोललेलो नाही. हे खरं होतं आणि त्याचा काही उपयोग नव्हता.

निघायच्या दिवशी सकाळी काका पांढऱ्या कपड्यांत तयार होते. पांढरा सदरा, पांढरं धोतर, पांढरी टोपी. आमच्याकडे लग्नाला पांढरंच घालतात. रिकाम्या घरात, रंगाच्या वासात ते उभे होते आणि आम्ही साध्या कपड्यांत होतो म्हणून त्यांना आमचा राग आला. माझ्या कुर्त्याला हात लावून त्यांनी नाक मुरडलं. मी पिशवीतून एक बरी साडी काढली आणि नेसले. दुसरं काय करणार? भावानंही शर्ट बदलला. मावशी कठड्याशी आल्या, आमच्याकडे पाहिलं आणि पदर डोळ्यांना लावला. काकांनी त्यांना हाताला धरून ओढलं, तुम्हीही चला. त्या म्हणाल्या, "या जाऊन. मी येते मागनं." त्यांना ऐकू येत नाही हे माहीत असूनही म्हणाल्या.

गाडीत ते पुढं, भावाशेजारी बसले. कोल्हापूर मागं पडलं. हायवेला लागल्यावर पहिलं मंगल कार्यालय आलं. कमान, झेंडूच्या माळा, बाहेर गाड्या. काकांनी भावाच्या खांद्यावर टिचकी मारली आणि कमानीकडे बोट केलं. हेच का? भावानं मान हलवली. पुढे दुसरं आलं. लग्नसराईचे दिवस होते, कराडपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कार्यालयंच कार्यालयं. प्रत्येक वेळी टिचकी, प्रत्येक वेळी बोट. मागं बसलेली माझी मुलगी त्यांना दिसत होती, साध्या कपड्यांत, पण त्यांनी त्याचाही काहीतरी अर्थ लावला असणार. कराडच्या अलीकडे भाऊ म्हणाला, "मला गाडी चालवता येईना." आम्ही एका हॉटेलपाशी थांबलो. चहा घेतला. काकांनी बशीतला चहा फार जपून प्यायला, कपड्यांवर डाग पडू नये म्हणून.

पुण्यात तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या फ्लॅटमध्ये ते संध्याकाळपर्यंत पांढऱ्या कपड्यांतच खुर्चीवर बसून राहिले. माझे मिस्टर त्यांच्याजवळ बसले, टीव्ही लावला, कुस्त्या लावल्या. ते दाराकडे बघत होते. जेवायला वाढलं तेव्हा त्यांनी ताटाकडे पाहिलं: भात, आमटी, कोबीची भाजी. माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तेव्हा त्यांनी ते कपडे स्वतः धुऊन गॅलरीत वाळत घातलेले दिसले.

त्यानंतर त्यांनी हाराची खूण कधी केली नाही. मोडलं, असं त्यांना वाटलं असेल. मुलीशी ते पहिल्यापेक्षा जास्त मायेनं वागू लागले. तिच्या ताटात आपली पोळी ठेवायचे. तिला ते सोसायचं नाही, आणि नाही म्हणणंही शक्य नव्हतं.

थोड्या दिवसांनी छप्पर सुरू झालं. छप्पर, आणि लांब दाखवलेलं बोट. मी छप्पर करून खाली बोट दाखवायची, हे, इथं. ते मान हलवायचे. छप्पर, आणि मिशीला पीळ. बाबांचं घर. लग्न मोडलं, टेंपोतलं सामान इथं आलं, मग आपण परत का जात नाही, असं ते विचारत असावेत. कधी दिवसातून एकदा, कधी दर तासाला. चपला घालून दारात उभे राहायचे. एकदा लिफ्टनं एकटेच खाली गेले आणि वॉचमननं त्यांना गेटवर अडवलं.

शेवटी भाऊ म्हणाला, दाखवून आणू. मी घर घेतलेल्या सरांना फोन केला, संकोचत सगळं सांगितलं. ते म्हणाले, "या की. त्यांचंच घर हाय."

गेलो. दाराला नवी लोखंडी जाळी बसवलेली होती. आमच्या नावाची पाटी होती तिथं त्यांची पाटी होती. दोरीवर परक्या माणसांचे कपडे वाळत होते. काका फाटकाशी उभे राहिले. सरांची आई पायरीवर बसून मेथी निवडत होती, ती उठू लागली. काकांनी हातानंच तिला बसा म्हटलं.

आत गेल्यावर ते खोल्या-खोल्यांतून फिरले. कुणी अडवलं नाही. बाबांची कॉट होती त्या जागी मुलांचं अभ्यासाचं टेबल होतं. त्यापाशी बसलेली सरांची मुलगी आपली वही आवरू लागली. त्यांनी भिंतीवरून हात फिरवला, स्वतः लांबी भरलेल्या जागा शोधल्यासारखा. मागच्या दाराची कडी त्यांनी लावून पाहिली, उघडून पाहिली. मग बाहेरच्या खोलीत येऊन सोफ्याच्या कडेला बसले. सरांच्या बायकोनं ट्रेमधून पाणी आणलं आणि आधी त्यांच्यापुढे धरलं. काकांनी पेल्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, पुन्हा पेल्याकडे. पेला घेतला. दोन घोट प्याले. मग पेला ट्रेमध्ये परत ठेवून त्यांनी तिला हात जोडले.

"काय म्हणत्यात?" तिनं मला विचारलं.

मला माहीत नव्हतं. मी म्हणाले, नमस्कार म्हणताहेत.

चहाला ते थांबले नाहीत. स्वतःच उठले, स्वतःच गाडीत जाऊन बसले. मावशी धावत आल्या, काचेवर हात ठेवला. त्यांनी काच खाली करून त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. परतीच्या वाटेवर मी किती वेळा त्यांच्याकडे वळून पाहिलं. ते खिडकीतून बाहेर बघत होते. हात मांडीवर पडलेले होते.

तेव्हापासून ते घराबद्दल विचारत नाहीत. त्यांना कळलं असं भाऊ म्हणतो. मिस्टरही म्हणतात. मला सांगता येत नाही. विकलं हे कळलं, की आम्ही त्यांना न विचारता दिलं हे कळलं, की लग्न मोडल्याच्या लाजेनं गाव सोडलं असं काही त्यांनी मनाशी धरलंय? त्यांचे हात फार कमी हलतात आता. पाणी हवं तर पेल्याकडे बोट करतात, लाइट हवी तर बटणाकडे. पूर्वी जेवतानासुद्धा त्यांचे हात गप्प बसत नसत, आई ओरडायची. मी मुद्दाम समोर बसून खुणा करते, बाबांची, आईची, फौंड्रीची. ते बघतात, हसतात, आणि नंतर माझा हात धरून हळूच खाली ठेवतात.

गेल्या महिन्यात त्यांनी दोन दिवस जेवण टाकलं. पोट धरून कुशीवर पडून होते. मी आणि मुलगी त्यांना रिक्षानं कोपऱ्यावरच्या दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टर तरुण होते, चांगले होते. त्यांनी पोट दाबून पाहिलं आणि मला म्हणाले, "त्यांना विचारा, कधीपासून दुखतंय? सारखं दुखतं की येऊन-जाऊन?"

मी काकांकडे पाहिलं. पोटावर हात ठेवून दाखवला. त्यांनी मान डोलावली. मग 'कधीपासून' कसं विचारायचं, ते मला सुचेना. मी घड्याळाकडे बोट केलं. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. मी हात खांद्यावरून मागं टाकला, आधी, पूर्वी. ते मागं वळून भिंतीकडे बघू लागले. मुलीनं मोबाइलवर कॅलेंडर उघडून त्यांच्यापुढे धरलं, त्यांनी तिच्या चष्म्यावरून बोट फिरवलं आणि फोन तिला परत दिला. डॉक्टर पेन धरून थांबले होते. बाहेर पेशंट बसलेले होते. मी काकांच्या पोटावर वेगवेगळ्या जागी दाबत गेले आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले.

शेवटी डॉक्टरांनी सोनोग्राफी आणि रक्ततपासणी करून घेतली. साधा जंतुसंसर्ग निघाला, गोळ्यांनी आठवड्यात उतरला. आता ते दोन्ही वेळा जेवतात. किती दिवस त्यांनी ते दुखणं कुणाला न सांगता काढलं होतं, ते आम्हाला कळलेलं नाही.